घोडा डोळ्याने जोखावा की घड्याळाने? स्टॉपवॉच, दुर्बीण आणि रेसबुक यांचा हिशेब

बडोद्यात रेसकोर्स सर्कल आहे, रेसकोर्स रोड आहे, फक्त रेस नाही. त्यामुळे इथला रेसचा शौकीन वर्षातले बहुतेक दिवस घोडे पडद्यावरच पाहतो. पुण्याचा पावसाळी किंवा मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सचा हिवाळी मोसम सुरू झाला की एखाद्या रविवारी गाडी पकडून तिकडे जातो. असा माणूस खरेदीला निघाला की तीन वस्तूंपाशी येऊन थांबतो: हातातलं स्टॉपवॉच, दुर्बीण आणि रेसबुक, म्हणजे त्या दिवशीच्या घोड्यांची माहिती छापलेली पुस्तिका. या तिन्हींचं परीक्षण इथे एकाच कसोटीवर केलं आहे: घोड्यात किती दम आहे हे ओळखायला ती वस्तू कितपत उपयोगी पडते? पैज लावणं हा वेगळा विषय. तो इथे नाही.

निकाल आधीच सांगून टाकतो. घरी बसून रेस पाहणाऱ्याला स्टॉपवॉच जवळजवळ लागतच नाही. घरचा संगणक आणि शंभर पानी वही तेच काम जास्त अचूक करतात. दुर्बीण घ्यावी, पण मैदानावर जाणाऱ्यानेच, आणि घ्यायची तर दहापटीची नको, सातपटीची. रेसबुक हवंच. फक्त ते वाचताना बहुतेकांची नजर चुकीच्या रकान्यावर जाते.

आता कारणं. पागेत वाढलेली माणसं म्हणतात, घोडा डोळ्याने कळतो. आकडेवाले म्हणतात, घड्याळ खोटं बोलत नाही. दोघांचंही अर्धं बरोबर आहे. घोडा १२०० मीटर झपाट्याने पळाला तर तेवढी ताकद त्याच्या अंगात होती एवढं नक्की. वारा आणि जमीन तपासून घेतली की ती वेळ पुराव्यासारखी धरता येते. संथ वेळ मात्र काहीच सिद्ध करत नाही. पुढचा जॉकी लगाम ओढून बसला असेल, जमीन भिजलेली असेल, रेल (ट्रॅकच्या कडेचा कठडा) बाहेर सरकवलेली असेल, समोरून वारा असेल. म्हणजे घड्याळ घोड्याला पास करू शकतं, नापास नाही. ज्यांना हे पटत नाही ते प्रत्येक संथ विजेत्याला ‘फालतू’ म्हणून सोडून देतात आणि पुढच्या महिन्यात तोच घोडा जिंकला की कपाळाला हात लावतात.

स्टॉपवॉच

नमुना म्हणून कॅसिओचं एचएस-३ घेऊ. सेकंदाचा शंभरावा भाग दाखवतं, स्प्लिट (मधल्या टप्प्याची वेळ) घेतं, पहिल्या-दुसऱ्याची वेळ घेतं, आणि ९ तास ५९ मिनिटं ५९.९९ सेकंदांपर्यंत चालतं. रेस तीन मिनिटांच्या आत संपते, तेव्हा क्षमतेचा प्रश्नच नाही. प्रश्न येतो तो बटणांचा.

रेसमध्ये तुम्हाला दोन आकडे हवे असतात: पूर्ण वेळ आणि शेवटच्या ६०० मीटरची वेळ. क्रम असा. गेट उघडताच उजवं बटण. पुढचा घोडा ६०० च्या खांबापाशी आला की डावं बटण. पडद्यावरचा आकडा गोठतो, आतलं मोजणं चालूच राहतं. विनिंग पोस्टला, म्हणजे रेस संपते त्या खांबाला, पुन्हा उजवं. इथे गोंधळ होतो. पडद्यावर काहीच बदलत नाही, गोठलेला स्प्लिट तसाच दिसतो. नवशिक्याला वाटतं बटण दाबलंच गेलं नाही, म्हणून तो पुन्हा दाबतो, मोजणं पुन्हा सुरू होतं आणि वेळ हातची जाते. बटण एकदाच दाबायचं, स्प्लिटचा आकडा कागदावर उतरवायचा, आणि मगच डावं बटण दाबून पूर्ण वेळ पाहायची. उतरवण्याआधी डावं दाबलं तर स्प्लिट गेलाच. या साध्या मॉडेलात मागचं आठवून सांगायची सोय नाही. पूर्ण वेळेतून स्प्लिट वजा केला की शेवटचे ६०० मिळाले.

बटण तर्जनीने दाबावं, अंगठ्याने नको. अंगठा उशिरा हलतो. तरीही हाताची चूक राहतेच, आणि ती एकाच बाजूची असते. गेट उघडल्यावर डोळा बघतो आणि मग बोट हलतं, त्यात सेकंदाचा पाचवा भाग सहज जातो. शेवटी मात्र घोडा पोस्टकडे येताना दिसत असतो, म्हणून बोट वेळेवर किंवा किंचित आधीच पडतं. परिणामी हाताने घेतलेली वेळ खऱ्यापेक्षा कमी येते. अ‍ॅथलेटिक्समध्ये १०० आणि २०० मीटरच्या हातवेळेत ०.२४ सेकंद मिळवायची पद्धत याच कारणासाठी आहे. घोड्यांच्या हिशेबात ०.२ सेकंद म्हणजे एक लेंग्थहून (घोड्याच्या अंगाच्या लांबीहून) जास्त. एवढा फरक हातातच असेल तर पडद्यावरचा शंभरावा भाग ही शोभा आहे. वहीत एक दशांश लिहा, दुसरा सोडून द्या.

यंत्रही चुकतं, बरं का. १९७३ च्या प्रीकनेस स्टेक्स या अमेरिकन रेसमध्ये सेक्रेटेरिएट या घोड्याची वेळ इलेक्ट्रॉनिक घड्याळाने १:५५ दाखवली. ती नंतर १:५४.४ अशी दुरुस्त झाली. ‘डेली रेसिंग फॉर्म’ या रेसच्या वर्तमानपत्राच्या दोन जणांच्या हातातल्या घड्याळांत मात्र १:५३.४ आली होती. वाद कितीतरी वर्षं चालला. शेवटी २०१२ मध्ये जुन्या फिल्म तपासून मेरिलँडच्या रेसिंग कमिशनने वेळ १:५३ ठरवली. हातवाले यंत्रापेक्षा खऱ्याच्या जवळ होते, पण निर्णय लागला तो फिल्मवरून.

आणि फिल्म आज तुमच्याकडे आहे. रेसचे व्हिडिओ नेटवर मिळतात. संगणकावर यूट्यूब उघडा, व्हिडिओ थांबवा आणि पूर्णविरामाची कळ दाबा: एक फ्रेम पुढे. स्वल्पविराम: एक फ्रेम मागे. सेकंदाला २५ फ्रेमचा व्हिडिओ असेल तर एक फ्रेम म्हणजे ०.०४ सेकंद. ताशी ६० किलोमीटरने पळणारा घोडा तेवढ्या वेळात ६७ सेंटिमीटर जातो. बोटाची चूक याच्या पाचपट. म्हणूनच म्हटलं, घरच्या घरी स्टॉपवॉच लागत नाही.

व्हिडिओचेही तोटे आहेत. मध्येच स्लो मोशन घुसवलेला संपादित तुकडा मोजायला निरुपयोगी. नेट अडखळलं तर फ्रेम गळतात, तेव्हा आधी पूर्ण व्हिडिओ भरू द्या. सगळ्यात फसवा प्रकार कॅमेऱ्याच्या कोनाचा. कॅमेरा विनिंग पोस्टच्या बाजूला उंचावर असतो, ६०० चा खांब दूर आणि तिरका दिसतो. घोडा खांबाजवळ ‘दिसतो’ तेव्हा तो प्रत्यक्षात काही मीटर मागे किंवा पुढे असतो. रेलला चिकटलेला घोडा आणि मैदानाच्या मधून येणारा घोडा यांच्या बाबतीत ही चूक वेगवेगळी असते. उपाय एकच: त्या कोर्सवरची एक खूण पक्की करा आणि प्रत्येक रेसला तीच वापरा. आकडा खराखुरा ६०० मीटरचा नसेल, पण चूक दरवेळी सारखी राहील आणि तुलना टिकेल.

मग स्टॉपवॉच कोणी घ्यावं? सकाळच्या सरावाला उभं राहायची संधी असणाऱ्याने. तिथे व्हिडिओ नसतो, आणि कठड्याशी उभं राहून फोनचं घड्याळ चालवणं त्रासाचं. काचेवर बटण बोटाला लागत नाही, डोळा घोड्यावरून हटवावा लागतो. सवय करायची तर पोलो ग्राउंडवर सकाळी धावणाऱ्या पोरांवर करा. तोच माणूस, तेच अंतर, दोघांनी दोन घड्याळं धरायची. दोन आकड्यांतला फरक ०.२ च्या आत सातत्याने येईपर्यंत घोड्यांच्या वेळा घेण्यात अर्थ नाही.

रेसबुक आणि निकालाचा कागद

वेळेचा आकडा कच्चा माल आहे. वर्तमानपत्रात विजेत्याचीच वेळ छापतात. बाकीच्यांची काढायची तर अंतरावरून: सेकंदाला साधारण सहा लेंग्थ धरा. विजेता १२०० मीटर १:११.२ मध्ये आला आणि तुमचा घोडा तीन लेंग्थ मागे, तर त्याची वेळ १:११.७. ओल्या, जड जमिनीवर घोडे सावकाश येतात, तिथे सेकंदाला पाचच लेंग्थ धराव्यात.

मग जमिनीची दुरुस्ती. भारतात क्लब पेनेट्रोमीटरचा, म्हणजे जमिनीचा मऊपणा मोजणाऱ्या उपकरणाचा, आकडा देतात. आकडा मोठा तितकी जमीन मऊ. पण नुसत्या त्या आकड्यावरून सेकंद काढू नका. दुपारी एक पाऊस पडला की सकाळचं माप गेलं. त्यापेक्षा त्या दिवसाच्या रेसनाच बोलू द्या. वहीत प्रत्येक अंतर आणि प्रत्येक वर्गासाठी त्याच कोर्सवरची मधली वेळ काढून ठेवा. सरासरी नको, एका संथ रेसने सरासरी बिघडते. मग आजच्या प्रत्येक रेसचा त्या मधल्या वेळेपासूनचा फरक, दर हजार मीटरला किती, ते लिहा.

समजा सहा रेसचे फरक असे आले: +१.२, +०.९, +१.१, +२.६, +१.०, +०.३. क्रमाने लावले की मधला आकडा १.०५. म्हणजे आज जमीन हजार मीटरला साधारण एक सेकंद जड. +२.६ वाली रेस संथ गतीने झाली; तिच्यावरून कोणत्याच घोड्याबद्दल मत बनवू नका. +०.३ वाली रेस कागदावर साधी दिसते, पण दुरुस्तीनंतर ती हजार मीटरला ०.७५ सेकंद वेगवान आहे. १२०० मीटरची असेल तर ०.९ सेकंद, म्हणजे पाचेक लेंग्थ. त्या रेसचा विजेता अर्ध्या लेंग्थने जिंकला म्हणून कोणी त्याच्याकडे पाहत नाही. वही ठेवण्याची मेहनत इथे फळते. दिवसाला चारच रेस असतील, किंवा मध्येच पाऊस पडला असेल, तर ही पद्धत लंगडी पडते. अशा दिवशी रेसचे दोन गट करून वेगळे हिशेब करावे लागतात.

रेलचा मुद्दा बहुतेक जण विसरतात. गवत वाचवण्यासाठी आतली रेल काही मीटर बाहेर सरकवतात, आणि निकालाच्या कागदावर ‘फॉल्स रेल’ म्हणून त्याची नोंद असते. रेल सहा मीटर बाहेर असेल तर अर्धवर्तुळाच्या वळणावर ३.१४ गुणिले ६, म्हणजे जवळजवळ १९ मीटर जास्त पळावं लागतं. सुरुवातीची जागा तेवढी पुढे घेतली नसेल तर वेळेत सेकंदाहून जास्त फरक पडतो. हेच गणित एका घोड्यालाही लागू. वळणावर रेलपासून तीन मीटर बाहेरून आलेला घोडा साडेनऊ मीटर जास्त पळाला. चार लेंग्थ तिथेच गेल्या. हे घड्याळात कधीच दिसत नाही. हे डोळ्याने पाहून वहीत ‘बाहेरून’ असा शेरा मारावा लागतो.

वजनाचा ढोबळ हिशेब असा: १२०० मीटरला एक लेंग्थ म्हणजे १.१ किलो, १६०० ला ०.९, २४०० ला ०.७. अंतर वाढेल तसं वजन जास्त जाणवतं, म्हणून एका लेंग्थला लागणारे किलो कमी होतात. रेसबुकातला वजनाचा रकाना आणि मागच्या रेसचं वजन शेजारी लिहा, फरक काढा, मग वेळेला हात लावा.

आता सरावाच्या वेळा. वर्तमानपत्रात त्या ‘१०००/१:०८, ६००/४०’ अशा येतात. शेवटचे हजार मीटर १:०८ मध्ये, त्यातले शेवटचे ६०० चाळीस सेकंदांत. म्हणजे आधीचे ४०० अठ्ठावीस सेकंदांत. लोक ६०० चा आकडा बघून हुरळून जातात. वर कोण बसलं होतं ते आधी बघा. जॉकीचं नाव आहे की नुसतं ‘आरबी’, म्हणजे रायडिंग बॉय? रायडिंग बॉयचं वजन छापलेलं नसतं, आणि तो जॉकीपेक्षा दहा किलो जड असेल तर तोच आकडा कितीतरी चांगला ठरतो. सराव वाळूच्या आतल्या ट्रॅकवर झाला की बाहेरच्या, शेवटी ‘ईझी’ (सहज) लिहिलंय की ‘प्रेस्ड’ (जोर लावून), हेही महत्त्वाचं. ‘ईझी’ लिहून आलेला चाळीस ‘प्रेस्ड’च्या अडतीसपेक्षा मला जास्त आवडतो. पण ‘ईझी’ हा शब्दही कुणाच्या तरी डोळ्याने ठरवलेला असतो, घड्याळाने नाही.

रेसबुकात नालाचाही रकाना असतो: अ‍ॅल्युमिनियम की स्टील. हलका नाल पहिल्यांदाच चढवला असेल तर खूण करा. एरवी त्या रकान्यावर वेळ घालवू नका. मालकाच्या रेशमी कपड्यांचे रंग पाठ करण्यात मात्र वेळ घाला. व्हिडिओत घोडा ओळखायचा तो त्यावरूनच.

डोळा

डोळ्याच्या बाजूने आणि विरुद्धही सांगायला बडोद्याकडेच दाखले आहेत. प्रतापसिंहराव गायकवाडांनी १९४५ मध्ये एक वर्षाचा शिंगरू २८,००० गिनींना (गिनी म्हणजे जुनं इंग्रजी चलन) घेतला. इंग्लंडमध्ये त्या वेळी एवढी किंमत कोणत्याही वर्षाच्या शिंगराला आली नव्हती. त्याचा सख्खा भाऊ दांते त्याच वर्षी डर्बी जिंकला होता. या शिंगराचं नाव सयाजीराव, आणि त्याने १९४७ ची आयरिश डर्बी आणि सेंट लेजर जिंकली. तेव्हा घड्याळ लावायला काही नव्हतंच; रक्त आणि अंगकाठी बघून घेतलेला निर्णय होता तो. पुढच्या वर्षी त्यांच्याच माय बाबू या घोड्याने ‘२००० गिनीज’ ही रेस जिंकली, अवघ्या एका डोक्याएवढ्या अंतराने. डोळा म्हणेल, निसटता विजय. वेळ होती १:३५.८, त्या रेसचा तोपर्यंतचा विक्रम. अंतर बघून विजेत्याची किंमत करणाऱ्याने हा एक दाखला भिंतीवर लावून ठेवावा.

आणि दोन्ही बाजू एकत्र तोंडघशी पडल्याचा दाखला अमेरिकेतला. फेब्रुवारी २००६, फ्लोरिडातला काल्डरचा लिलाव. द ग्रीन मंकी नावाचा दोन वर्षांचा घोडा एक फर्लांग ९.८ सेकंदांत पळाला. दिसायला देखणा, रक्तही मोठं. १ कोटी ६० लाख डॉलरला गेला. तीन रेस धावला, एकही जिंकला नाही. एका फर्लांगाची वेळ म्हणजे २०० मीटरची वेळ. तिच्यावरून स्फोटक वेग कळतो, दम कळत नाही.

उलट बाजूला नॉर्दर्न डान्सर. बुटका म्हणून वर्षाचा असताना २५,००० डॉलरलाही कोणी घेतला नाही. १९६४ ची केंटकी डर्बी त्याने दोन मिनिटं सपाट अशा विक्रमी वेळेत जिंकली. ऑस्ट्रेलियात गाजलेला ‘फार लॅप’ हा घोडा १६० गिनींना विकला गेलेला बेढब शिंगरू; त्याचं ६.२ किलोचं हृदय कॅनबेराच्या संग्रहालयात ठेवलेलं आहे. एवढा मोठा पंप छातीच्या आत असतो, आणि तो पॅडॉकमध्ये, म्हणजे रेसआधी घोडे फिरवून दाखवतात त्या आवारात, कुणालाच दिसत नाही.

मग डोळ्याला काय दिसतं? पहिली गोष्ट चाल. पॅडॉकमध्ये घोडा मोकळेपणी चालत असताना मागच्या खुराचा ठसा पुढच्याच्या ठशापुढे पडतो का ते बघा. पडत असेल तर पाठ आणि पुठ्ठे सैल आहेत, पल्ला लांब मिळेल. दुसरी, खांद्याचा तिरकेपणा. सरळ उभा खांदा असला तर पाऊल आखूड आणि टाप जड. तिसरी, पुढचा गुडघा बाजूने: तो मागे वाकलेला दिसला तर वेगात हाडावर ताण येतो आणि घोडा लवकर दुखावतो. गुडघा किंचित पुढे असला तर एवढी काळजी नाही. या तिन्ही गोष्टी घोडा विकत घेताना जास्त उपयोगी. रेसच्या दिवशी त्या बदलत नाहीत. रेसच्या दिवशी बघायचं ते घाम. मुंबईच्या दमटपणात मानेवर ओल असणं साधं आहे. मागच्या मांड्यांमध्ये पांढरा फेस, सतत मान झटकणं, चालवणाऱ्या मुलाला ओढत नेणं, हे एकत्र दिसलं तर घोडा रेसआधीच दम घालवतोय.

इथे सगळ्यात मोठी चूक होते ती तुलनेची. शेजारच्या घोड्याशी तुलना करू नका. काही घोडे प्रत्येक रेसआधी फेसाळतात आणि तरी जिंकतात. त्याच घोड्याची मागच्या वेळची नोंद काढा. आज वेगळं काय आहे, एवढंच बघायचं. म्हणून पहिल्यांदा पॅडॉकमध्ये जाणाऱ्याचं निरीक्षण कितीही बारीक असलं तरी त्याला जोडायला मागचं काही नसतं.

आपल्याकडे घोड्याची पारख म्हणजे भोवऱ्या, देवमण, पंचकल्याणी, कानांची टोकं आणि रेवाल चाल. काठियावाडी घोड्याच्या शर्यतीत आणि मेळ्यात त्याला मान आहे, असावाही. थरोब्रेडच्या, म्हणजे खास रेससाठी पैदास केलेल्या जातीच्या, रेसमध्ये त्यातलं काहीच चालत नाही. चारी पाय पांढरे असलेला घोडा गर्दीत चटकन ओळखू येतो, एवढाच फायदा.

धावताना डोळा फसतो ते ठरलेल्या ठिकाणी. शेवटच्या २०० मीटरला मागून येणारा घोडा उडत येतोय असं वाटतं. बहुतेक रेसमध्ये त्या टप्प्यावर सगळेच मंदावत असतात. हा कमी मंदावतोय, एवढंच. १६०० मीटरच्या दोन रेस घ्या. पहिली १:४१ मध्ये, शेवटचे ६०० साडेचौतीस सेकंदांत. दुसरी १:३८ मध्ये, शेवटचे ६०० साडेछत्तीसमध्ये. पहिलीचा विजेता वीज पडावी तसा शेवटाला आला, टाळ्या त्याला. पण त्या रेसचे पहिले हजार मीटर ६६.५ सेकंदांत गेले, दुसरीचे ६१.५ मध्ये. पाच सेकंदांचा आराम मिळाल्यावर शेवटी कुणीही धावेल. दुसऱ्या रेसमध्ये पुढे राहून तग धरलेला, शेवटी लडखडत तिसरा आलेला घोडा माझ्या वहीत वरच्या ओळीत जातो. पहिलीचा विजेता वाईट ठरत नाही. त्याच्याबद्दल अजून काही कळलेलं नाही, इतकंच.

घड्याळाला न कळणाऱ्या पण डोळ्याला कळणाऱ्या गोष्टी: घोडा कोंडला गेला, वाट मिळेपर्यंत जॉकीला लगाम ओढावा लागला, गेटमधून उशिरा निघाला, सरळ न पळता रेलकडे लोंबकळला. जॉकीचे हात स्थिर असताना घोडा पुढे सरकत असेल तर अजून शिल्लक आहे. हात आणि चाबूक चालू असून घोडा जागच्या जागी असेल तर संपला. व्हिडिओ तीनदा बघा: एकदा विजेत्यासाठी, एकदा गेट उघडण्यासाठी, एकदा फक्त वळणासाठी. एका बघण्यात एवढं सगळं टिपणं कुणालाही जमत नाही.

दुर्बीण

मुंबई सेंट्रलला उतरून लोकलने पुढचंच स्टेशन महालक्ष्मी. एवढ्या प्रवासानंतर समोरच्या बाजूचे घोडे ठिपके दिसले तर उपयोग काय? म्हणून दुर्बीण. नमुना निकॉनची अ‍ॅक्युलॉन ए२११, कारण एकाच घडणीत वेगवेगळी मापं मिळतात: ७×३५, ८×४२, १०×५० वगैरे. पहिला आकडा किती पट, दुसरा पुढच्या काचेचा व्यास मिलिमीटरमध्ये. सगळे १०×५० कडे धावतात. पण दहापटीने घोडा मोठा होतो तसा हाताचा कंपही दहापट होतो. ७×३५ मध्ये ९.३ अंशांचं दृश्य मिळतं, १०×५० मध्ये ६.५. सहाशे मीटरवर हे अनुक्रमे सुमारे ९८ आणि ६८ मीटर होतात. पंधरा लेंग्थ पसरलेला घोळका ३६ मीटरचा. दोन्हींत मावतो, पण डोळ्याला दुर्बीण लावून तो घोळका पहिल्या झटक्यात सापडायला रुंद दृश्यच लागतं. दुसऱ्यांदा शोधेपर्यंत घोडे वळणावर पोहोचतात. उजेडाच्या बाबतीत ७×३५ आणि १०×५० सारख्याच; पस्तीस भागिले सात आणि पन्नास भागिले दहा, दोन्ही पाच. झूमवाली दुर्बीण घेऊच नका, तिचं दृश्य सर्वात अरुंद.

दोन उणिवा या मालिकेत घडणीतच आहेत. ती पाणबंद नाही, म्हणजे पुण्याच्या पावसात जॅकेटखाली. आणि डोळा काचेपासून साधारण १२ मिलिमीटरवर ठेवावा लागतो. चष्मेवाल्याला कडा कापलेली दिसते. चष्मा लावूनच बघायचं असेल तर १५ मिलिमीटर किंवा जास्त देणारी दुसरी कुठली बघा.

दुकानात घेताना काउंटरवर बघून घेऊ नका, दार ओलांडून रस्त्यावर या. रावपुऱ्यात असाल तर टॉवरचं घड्याळ आहेच. आधी उजवा डोळा झाकून मधल्या चाकाने डाव्या डोळ्याला आकडे स्पष्ट करा. मग डावा झाकून उजव्या नळीवरची कडी फिरवून तेच आकडे स्पष्ट करा. ती खूण लक्षात ठेवा, पुन्हा हलवायची नाही. आता दोन्ही डोळे उघडून मिनिटभर बघा. काटा दुहेरी दिसला, किंवा डोळ्यांवर ओढ आली, तर दोन नळ्या एका रेषेत नाहीत. तो नग परत करा, दुसरा मागा. पॅडॉकमध्ये मात्र दुर्बीण गळ्यातच राहू द्या. तिथे कठड्याला टेकून उघड्या डोळ्यांनी बघायचं.

बडोद्याचा पावसाळा काचेला वाईट. कापडी किंवा चामड्याच्या पिशवीत बंद ठेवलेल्या दुर्बिणीच्या आत दोन पावसाळ्यांत बुरशीची जाळी धरू शकते, आणि ती आतून साफ करायचा खर्च नव्या दुर्बिणीच्या जवळ जातो. झाकणबंद प्लॅस्टिकच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवा, पुड्यांचा रंग बदलला की तव्यावर मंद आचेवर कोरड्या करून घ्या. स्टॉपवॉच घेतलंच असेल तर तेही त्याच डब्यात राहील.